शिंगं वाढेपर्यंत

फार मागे, ढग कुरणात उतरून झोपत असत तेव्हा, कोमट पाण्याच्या डोहांत मऊ अंगाचे रूपघेणे राहत. पाहिलेल्या कुणाचंही रूप त्यांना घेता येई. दरवर्षी रानातल्या कुणा जनावराशी झुंज लागे आणि हरलं की एक डोह त्याच्याकडे जाई. आता एकच उरला होता.

कधीकाळी पिठूच्या पणजोबांनी वाघ होऊन झुंज जिंकली होती. तेव्हापासून जो तो घरूनच वाघ होऊन जाई आणि मार खाऊन येई. यंदा पाळी पिठूची होती.

"पिठू, वाघ हो," आबा म्हणाले. "आम्ही काय उगाच पावसाळे पाहिले?"

"पावसाळे पाहिलेत आबा, डोह जाताना नाही पाहिलेत."

पिठू तसाच गेला, नुसता गोळा. समोर रानरेडा गोल गोल नाचत होता. प्रत्येक फेरीला त्याची शिंगं वाढत होती.

"रूप घे रे, शुंभा," काठावरून म्हातारे ओरडले.

पिठू धुक्यात तरंगत बघत राहिला. शिंगं ढगांना टेकली आणि रेड्याला धाप लागली, तेव्हा कुठे त्यानं रेड्याचं रूप घेतलं. शिंगं तेवढीच लांब, दम मात्र ताजा. एका रेट्यात रेडा झोपेत घसरावा तसा कुरणाबाहेर गेला.

डोह वाचला. म्हाताऱ्यांनी लगेच नवी रीत घातली: यापुढे सगळ्यांनी रेडा व्हायचं.

पुढच्या वर्षी झुंजीला पाणसाप आला. म्हातारे काठावर शिंगं घासत बसले होते. त्यांच्यातून वाट काढत पिठू खाली उतरला, तसाच, बिनआकाराचा.