कामट्यांचा आडोसा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ बांबूच्या टोपल्या विणून राहत. बहिणीला फेफरं यायचं. हे भावाखेरीज फक्त वैद्याला ठाऊक होतं. आजार वाढला, हातातला कोयता सुटू लागला, तेव्हा तिने राजाच्या कोठारातून आजाऱ्यांना मिळणारं धान्य मागितलं. कोठारवाला म्हणाला, "चांगली धडधाकट दिसतेस की!" आणि तिला परत पाठवलं.

भाऊ भडकला. "ताई, न्यायाधीशांकडे दाद मागू!"

"नको रे," बहीण म्हणाली. "दाद मागितली की दवंडी पिटतात."

तिथली रीतच तशी होती. लबाडाला धान्य जाऊ नये म्हणून दाद मागणाऱ्याचं नाव आणि दुखणं आठवडी बाजारात पुकारायचे. कुणाची हरकत असेल तर त्याने पुढे यावं.

"पुकारू देत! आपण काय चोरी केलीय?" असं म्हणून भाऊ तिचं न ऐकताच दाद मागून आला.

बाजारात ढोल वाजला. नाव पुकारलं, फेफरं पुकारलं. हरकत कुणीच घेतली नाही. पण पाणवठ्यावर बायका आपल्या घागरी बाजूला ओढू लागल्या. "तिच्या हातची टोपली नको गं बाई!" पोरं तिच्यामागे हातपाय झाडत लोळायची नि खिदळायची. मग बहीण भर दुपारी, कुणी नसताना, एकटीच पाण्याला जाऊ लागली. एका दुपारी तिथेच तिला फेफरं आलं. तोंड पाण्यात गेलं. सावरायला कुणी नव्हतं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी निकाल आला. धान्य मंजूर.

भावाला घरात बसवेना. तिची अर्धवट टोपली उचलायचा, ठेवायचा, दारापर्यंत जायचा, परत फिरायचा. शेवटी तो धावतच सुटला. दवंडीवाल्याच्या गळ्यातला ढोल हिसकावून तो थेट न्यायसभेत शिरला. न्यायाधीशांची नजर जात चालली होती. वैद्याकडे टोपल्या द्यायला गेला असताना त्याने त्यांना भिंत चाचपत चालताना पाहिलं होतं.

त्याने ढोलावर काठी हाणली. "ऐका हो ऐका! तुमच्या न्यायाधीशांना..."

न्यायाधीशांचा चेहरा पांढराफटक पडला. "नको रे," ते पुटपुटले.

काठी हवेतच राहिली. ताईही असंच म्हणाली होती, आणि त्याने ऐकलं नव्हतं.

"अरे, बोल की! काय झालंय त्यांना?" लोक ओरडले.

"काही नाही," तो म्हणाला. ढोल खाली ठेवून तो तिथेच रडू लागला. "ताईचंही मी असंच झाकायला हवं होतं."

न्यायाधीश आसनावरून उठले. ते म्हणाले, "माझं दुखणं राजाला मीच सांगेन. आणि आजपासून दवंडी बंद. दुखणं खरं की खोटं, ते वैद्याला विचारू. नाव मात्र या दाराबाहेर जाणार नाही."

ताईने सोलून ठेवलेल्या बांबूच्या कामट्या घरात तशाच पडल्या होत्या. भावाने त्यांचा मोठा तट्ट्या विणला आणि न्यायसभेत उभा केला. दाद मागणारे त्याच्या आडोशाला बसून बोलू लागले.

पहिल्याच दिवशी एकजण मान उंचावून विचारू लागला, "आत कोण आहे रे?"

"माणूस आहे," भाऊ म्हणाला. "चला, पुढे व्हा."

तात्पर्य एवढंच: मदत मागणाऱ्याचं दुखणं जरूर तपासावं, पण ते चारचौघांत सांगायचं की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवू द्यावं.