कुंपणाजवळचं एक झाड

रानातल्या प्रत्येक बिळाला अंगण होतं, तेव्हाची ही गोष्ट. काटोबा साळिंदराने आपल्या अंगणात गांजा लावला होता. वर्षानुवर्षं निवडून त्याने असा वाण केला होता, की त्याच्या लेपाने म्हाताऱ्या अस्वलाचे गुडघेही ठणकायचे थांबत. तरी काटोबाच्या जिवाला चैन नव्हतं. "अजून कडक हवा!" म्हणत तो दिवसभर येरझारा घालायचा आणि त्याचे काटे उभेच राहायचे.

नर झाडांच्या परागाने मादी झाडांच्या फुलोऱ्यात दाणा धरला, की कस उतरतो. म्हणून तो दरवर्षी नर झाडं उपटायचा, पण बियाण्यापुरतं एक कुंपणाजवळ राखायचा. यंदा तेही त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं.

"असू दे रे ते," दरवर्षी सांडलेले दाणे टिपायला येणारी मुनिया म्हणाली.

"तुला फुकटचं खायला हवं, म्हणून हा कळवळा!" काटोबा फिस्कारला आणि त्याने ते झाड मुळासकट उपटलं.

फुलोरा असा आला, की नुसत्या वासाने कोल्हा झिंगला. सगळं रान वाहवा करू लागलं.

पेरणीचे दिवस आले. जुनं बियाणं तर काटोबाने मागच्या पेरणीलाच संपवलं होतं. त्याने वाळलेला एक तुरा चोळला, मग दुसरा, मग सगळेच. नुसता चुरा उडाला. तो धापा टाकत मुनियाच्या घरट्याखाली गेला.

"जुना एखादा तरी दाणा असेल ना गं तुझ्याकडे?"

"मी टिपून खाणारी, काटोबा," मुनिया म्हणाली. "राखणारा तू होतास."