फुरशांच्या सड्यावरची टकटक

रेवाला दगड उलथून बघायची खोड आहे. वय वर्षं पाच. माझी बदली इथल्या शाळेत झाली आणि कळलं, सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळाच्या माळावर, दगडागणिक फुरसं असतं. तेव्हापासून माझी झोप उडाली. हातभरही नसलेला साप, पण चावला की हिरड्यांतून येणारं रक्त थांबत नाही, एवढं मी वाचलेलं. वाचून धीर येतो म्हणणाऱ्यांना मुलं नसावीत.

इथल्या बायका जमिनीवरची कुठलीही वस्तू तीनदा वाजवल्याशिवाय उचलत नाहीत. जांभा दगड, पालथी टोपली, दारातल्या चपलासुद्धा. शेजारच्या रखमा गोताड आजींनी रेवाला मांडीवर घेऊन त्यामागची गोष्ट सांगितली.

पूर्वी म्हणे फुरसं मुकं होतं. येसू नावाची बाई मृगाआधी सड्यावर एकटीच कुंपणासाठी दगडांचा गडगा रचत होती. मूल करवंदीच्या सावलीत निजवलेलं. तिनं एक दगड उचलला, तर खाली फुरसं आणि नुकतीच झालेली बोटभर पिल्लं. हा साप अंडी घालत नाही. भीतीनं येसूच्या हातून दगड सुटला. पिल्लं चेचली. पिल्लांची आई तेवढी निसटली आणि गुपचूप करवंदीकडे गेली.

मूल तिसऱ्या दिवशी गेलं, असं सांगतात. येसू कोयता घेऊन दगड उलथत सुटली. तिन्हीसांजेला ती पिल्लांची आई सापडली. पळाली नाही. वर गेलेला कोयता खाली येईना.

"तुझी मी न सांगता नेली, माझं तू न सांगता नेलंस," येसू म्हणाली. "आता दोघींनी सांगून यायचं."

तेव्हापासून फुरसं अंगाला अंग घासून तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज करतं, आणि बायका दगड वाजवतात. येसूनं गडगा पुढे रचला नाही.

"आजी, सापाला आपल्यासारखे कान नसतात," मी म्हटलं. माझ्यातली मास्तरीण गप्प बसत नाही.

"तिला कळतं का नाय ते तिला ठाव, बाय. आपला हात तेवढा थांबतो."

"मग वाजवल्यावर कोणी मरत नाही?"

"मरतात की. माझी सून वाजवूनच गेली."

आजही तो गडगा सड्यावर अर्धाच उभा आहे. तिथले दगड कोणी घरी नेत नाही.

"कळलं ना, रेवा? आधी वाजवायचं," मी बजावलं.

रेवानं मान हलवली.

"काल मी वाजवलंच नव्हतं, आई," ती म्हणाली. "पण तिनं आवाज केला. मग मी दगड हळूच परत ठेवला."