कुरी मोजणारी बुधेश्वरी

एकदा काय झालं, पार पूर्वेला, तोरसा नदीच्या काठी बुधेश्वरी नावाची बाई राहायची. बोलायची राजबंशी. तिची सुपारीची बाग होती, आणि बाग कशी, बरं का! बुधेश्वरी 'एक, दुई, तिन, चाईर' मोजायला लागली की झाडं आपणहून वाकायची अन् तिच्या ओटीत सुपाऱ्या टाकायची. हाताची बोटं संपली की ती पायाची मोजायची. वीस भरली की म्हणायची, 'एक कुरी.' चिखलात अनवाणी राबणाऱ्यांची मोजणी ती, पायापर्यंत जायचीच.

राजाला हे खपेना. त्याच्या पायात सदा मोजड्या, त्यामुळे त्याची मोजणी दहावर थांबायची. त्यानं दवंडी पिटवली, आजपासून कुरी बंद. सगळा गाव दहावर थांबू लागला. बुधेश्वरी मात्र मुद्दाम मोठ्यानं मोजायची. हट्टीच होती मेली, आणि मला तशीच आवडते.

मग राजकन्येचं लग्न ठरलं. त्या मुलखात सुपारीवाचून लग्न लागत नाही. मग शिपाई बुधेश्वरीच्या बागेत आले, दहा-दहानं मोजू लागले. झाडं ताठ. मग प्रधान आला, त्यानं शिडी लावली. झाडं शिडीहून उंच झाली. मग राजाच आला, कुऱ्हाडवाले घेऊन. माझ्या मोजणीनं सुपारी पाड, म्हणाला, नाहीतर बाग भुईसपाट करतो.

बागेशिवाय बुधेश्वरीला होतं काय? तरी ती झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"तोडा बाग. कुरी माझ्या आईनं माझ्या बोटांवर ठेवलीय. ती मी सोडायची नाही."

राजा रागानं पुढे धावला आणि काय झालं, दोन्ही मोजड्या चिखलात रुतून बसल्या. राजा अनवाणी!

"आता पाय दिसले," बुधेश्वरी म्हणाली. "मोजा."

तिकडे मुहूर्त टळत होता. मग राजानं हाताची बोटं मोजली. मग वाकून पायाची मोजली. शेवटच्या बोटाला हळूच म्हणाला, 'एक कुरी.'

"मोठ्यानं म्हणा."

राजा मोठ्यानं म्हणाला. सगळी बाग वाकली अन् सुपाऱ्यांचा सडा पडला. कुंपणाआडून अख्ख्या गावानं ओरडून मोजणी पुढे नेली, 'दुई कुरी!'

"इतके दिवस स्वतःला अर्धंच मोजत होतात, महाराज," बुधेश्वरी म्हणाली.

कुरीवरची बंदी उठली, लग्न लागलं, सगळी सुखानं नांदली. आता तुम्ही पाय पांघरुणात घ्या आणि बोटं मोजा. दहावर कुणी थांब म्हटलं तरी थांबायचं नाही. पायापर्यंत जायचं, आणि मग झोपायचं.