चिखलातला चितारी

यंदाच्या वर्षावासात विहारात कथा सांगायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून मला धरून बसवलंय. गुडघे दुखतात माझे. ऐका, आणि मध्ये खोकू नका.

पूर्वी शूर्पारकात सुषेण राजा गादीवर असताना बोधिसत्त्व खाडीच्या चिखलात निवटा होऊन जन्मले होते. निवटा म्हणजे डोळे वर काढून पुढच्या दोन परांनी चिखलावर चालतो तो मासा. ते सगळ्या निवट्यांचे नायक होते.

राजाच्या गरोदर राणीला डोहाळा लागला, चालणारा मासा पाहीन. धरून आणलेले निवटे वाटेतच मरत. तेव्हा राजाने सोमिल चिताऱ्याला फर्मावलं, “मासा चालतोय असं चित्र आण. नाही जमलं तर उजवा हात इथे ठेवून जायचं.”

सोमिल ओहोटीला खाडीवर गेला. कालवं काढणाऱ्या म्हातारीने त्याला चिखलात जायची फळी दिली.

“छाती फळीवर टाक नि पायांनी रेटत जा. उभा राहिलास तर गेलास.”

“आजी, मी राजाचा चितारी आहे.”

“चिखलाला कुठला राजा नि कुठला चितारी, मेल्या!”

तो आत गेला. निवटे दिसताच म्हातारीचं बोलणं विसरला. चित्र डागाळू नये म्हणून कापड फळीवर पसरलं आणि स्वतः चिखलात उतरला. नायक समोर निश्चल बसले. रेघ बसत गेली.

एकाएकी सगळे निवटे तिवरांच्या मुळ्यांवर चढू लागले. सोमिलने पाय उचलला. उचलेना. जोर केला तसा तो कमरेपर्यंत गेला. खालून कुणी धरलंय असं वाटलं. त्याने हाका मारल्या. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. समुद्र अजून लांब होता, पण भोवतालच्या बिळांतून पाणी बुडबुडत वर येऊ लागलं.

“नायका, जाऊ नका,” निवटे ओरडले. “माणूस आहे तो. आपलं कालवण करतो.”

नायक तरी त्याच्याजवळ गेले. “चित्र सोड, फळीवर पड.”

“रंग ओला आहे. पुसला तर हात जाईल माझा!”

“हात उद्या जाईल. श्वास आत्ता जातोय.”

सोमिल ऐकेना. पाणी छातीला लागलं. तेव्हा नायकांनी उडी मारली आणि ओल्या चित्रावरून या टोकाकडून त्या टोकाला चालत गेले. सोमिलने किंचाळून कुंचल्याचा दांडा हाणला. नायकांचा पर फाटला. पण चित्र बिघडलं, आता जपायचं काय? त्याने कापड चुरगळून गळ्यात बांधलं, फळीवर छाती टाकली, आणि रडत, रेटत तिवरांशी पोचला.

राणीने कापड उलगडलं. मासा पुसला होता, पण रंगात परांच्या ठशांची जोडरांग उमटली होती. “अगं बाई, चालला की हा!” ती हसली. हात वाचला. सोमिल मात्र त्या फाटक्या पराची चौकशी करायला पुन्हा कधी खाडीवर फिरकला नाही.

ही कथा सांगून भगवंत समोरच्या एका भिक्षूकडे बोट दाखवून म्हणाले, “तो चितारी म्हणजे मित्राचे उपकार विसरून त्याच्यावरच चिडलेला हा भिक्षू. निवट्यांचा नायक मीच होतो.” मार खाऊनही ज्याचा जीव वाचवायचा त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही, याला क्षांती म्हणतात.

मला ती अजून साधलेली नाही. गेल्या माघात निवट्यांचे फोटो काढायला एकजण खाडीत उतरला आणि रुतला. मी दोर टाकून ओढला. कॅमेरा बुडाला म्हणून सगळ्यांदेखत मला अडाणी थेरडा म्हणाला. तो तिथे मागे खांबाला टेकून बसलाय. माझा जावई. निशिकांत.