चित्रातलं न्हाणीघर

"या चित्रात जे आहे ते सगळं हवं, आणि जे नाही ते काही नको," असं म्हणून सोनवडी संस्थानच्या सरकारांनी लिंबाजी गवंड्यापुढे एक रंगीत चित्र टाकलं.

परदेशी सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या पुस्तकातलं पान होतं ते. पांढऱ्याशुभ्र फरशा, सिंहाच्या पावलांवर उभा टब, चकाकणारे दोन नळ, भिंतीवर आरसा. सरकार मुंबईला जाऊन आल्यापासून त्यांना राजवाड्यातली धुराने काळी पडलेली न्हाणी, तो तांब्याचा बंब आणि दगडी चौरंग बघवेना. दरबाराच्या बरोबर वरच्या खोलीत त्यांना नवीन तऱ्हेचं न्हाणीघर हवं होतं.

लिंबाजीने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "सरकार, यात मोरी दिसत नाही."

"दिसत नाही, कारण नाहीच. सुधारलेल्या लोकांनी मोरी केव्हाच काढून टाकली."

"मग पाणी जायचं कुठं?"

"सरकारांना प्रश्न विचारतोस?" कारभारी आबाजीपंत म्हणाले. बावीस वर्षांच्या चाकरीत त्यांनी स्वतः सरकारांना एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि तब्येत उत्तम राखली होती.

लिंबाजीने चित्र उचलून घेतलं. त्याच्या आधी दोन गवंडी या कामावर येऊन गेले होते. पहिल्याने मोरी खणली, म्हणून हुकूम मोडल्याबद्दल त्याला हद्दपार केलं. दुसऱ्याने भिऊन मोरी ठेवलीच नाही. पहिल्याच दिवशी पाणी खाली गळून दरबारातली गादी भिजली, म्हणून कच्चं काम केल्याबद्दल त्यालाही हद्दपार केलं. आपल्या हुकमातच काही चुकत असेल, असं सरकारांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही, आणि आबाजीपंतांनी शिवू दिलं नाही.

घरी आल्यावर लिंबाजीने थापी आणि ओळंबा कोपऱ्यात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "भांडीकुंडी बांधायला घे."

त्याची मुलगी येसू लहानपणापासून त्याच्या हाताखाली कामाला होती. चुना मळण्यापासून भिंत ओळंब्यात धरण्यापर्यंत तिला सगळं येत होतं. तिने चित्र मागून घेतलं आणि दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"बा, काम घे," ती म्हणाली. "फक्त हुकूम लिहून माग."

दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर राजवाड्यात गेली. "सरकार, आम्ही अडाणी माणसं. तोंडी हुकमात चूक व्हायची. लिहून द्यावा."

सरकारांना ही मागणी फार आवडली. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'चित्रात नसलेली कोणतीही गोष्ट न्हाणीघरात असू नये. जो आत आणील तो हद्दपार होईल.' खाली शिक्का उठवला.

महिनाभर खोलीचं दार बंद राहिलं. ते उघडलं तेव्हा आबाजीपंतांनी चित्र हातात धरून एकेक वस्तू ताडून पाहिली. फरशा, टब, नळ, आरसा. मोरी कुठेही दिसली नाही. सरकार खूश झाले आणि खांद्यावर पंचा टाकून आंघोळीला निघाले. दारात येसू उभी होती.

"सरकार, पंचा बाहेर ठेवावा. चित्रात पंचा नाही."

सरकारांनी चित्र पाहिलं. खरंच नव्हता. त्यांनी पंचा आबाजीपंतांकडे दिला.

"खडावा पण नाहीत."

सरकारांनी खडावा काढल्या आणि दारातूनच विचारलं, "टबात पाणी का नाही?"

"चित्रातला टब कोरडा आहे. नळातूनही पाणी पडताना दिसत नाही. म्हणून गच्चीवरच्या टाकीची चावी बंद ठेवली आहे."

"बरं, बरं. मी आत जाऊन बघतो."

येसूने दोन्ही हात चौकटीला लावले. "माफ करावं. आपणही चित्रात नाही."

आबाजीपंतांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे माझ्याच न्हाणीघरात मी जायचं नाही?"

"जावं की. पण हुकमात 'जो आत आणील तो' असं लिहिलंय. आपल्याला आत आपणच आणणार. मग हद्दपार कुणाला करायचं, ते सरकारांनीच सांगावं."

सरकार हुकमाच्या कागदाकडे पाहत राहिले. अक्षर त्यांचंच होतं.

"मग करायचं काय?" त्यांनी विचारलं. बऱ्याच वर्षांनी त्यांनी कुणाला तरी असं विचारलं होतं.

"सरकार आत हवेत, तर पाणी आत हवं. पाणी आत आलं, तर बाहेर जायला वाट हवी. तिघांनाही एकदमच परवानगी द्यावी."

"दिली. पण आता मोरीसाठी या सगळ्या फरशा उखडणार?"

"एकही नाही. मोरी आहे. टबाच्या मागच्या बाजूला, अगदी खाली. फरशीचा उतार तिकडंच दिलाय, आणि टबाच्या बुडाचा पाइपही तिथंच सोडलाय."

"म्हणजे तू हुकूम मोडलास."

"नाही सरकार. चित्रात टबामागचं दिसतच नाही. तिथं मोरी नाही, असं ते चित्रही म्हणत नाही."

सरकारांनी चित्र आडवं धरलं, तिरपं धरलं, आणि मग त्यांना हसू फुटलं. ते चौकटीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आबाजीपंतांनी एक डोळा उघडून अंदाज घेतला आणि मग तेही हसले.

सरकारांनी आधी हद्दपार केलेल्या दोघा गवंड्यांना परत बोलवायला घोडेस्वार धाडला आणि येसूला म्हणाले, "काय हवं ते माग."

"आमच्या गवंडीआळीत बायांना न्हाणी नाही. तट्ट्याच्या आडोशाला, उजाडायच्या आत उरकावं लागतं. तिथं चार भिंती आणि नळ हवा."

"मंजूर. चित्र कुठलं घ्यायचं?"

"चित्र राहू द्या, सरकार. जागा मी दाखवते."

सरकार पुन्हा हसले. बोटातली अंगठी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली, आबाजीपंतांकडून पंचा परत घेतला आणि आंघोळीला आत गेले.