रबरी दोरीचा पीळ

खेळण्यातली विमानं काड्यांची आणि कागदाची असायची, तेव्हाची ही गोष्ट. सभागृहातल्या स्पर्धेत सर्वांत जास्त वेळ तरंगणारं विमान जिंकणार होतं. कुंदाताईंनी आपल्या विमानाची भिरभिरी फिरवणाऱ्या रबरी दोरीला भरपूर पीळ दिला, तशी ती ताठली. "बघाच आता! एका दमात छत गाठते!" दोरी म्हणाली.

कागदी पंख हळूच म्हणाला, "कालही गाठलंस, आणि मी फाटलो. ठिगळ अजून ओलं आहे गं."

ताईंनी विमान सोडताच दोरीने पीळ आवरून धरला आणि पुरवून पुरवून सोडला. बाकीची विमानं छताला धडकून खाली आली, तरी हे आपलं तरंगतच होतं.

शेवटी ते अलगद टेकलं. पंख म्हणाला, "अगं, तुझा सगळा पीळ गेला की!"

"जाऊ दे रे," सैल पडलेली दोरी म्हणाली, "तुझं ठिगळ वाळलं का?"